गोव्यातील घरउंदीर मूळचा इथलाच, की गलबतांतून आलेला?

अंत्रुज (धागाकर्ता)

गोव्यात समुद्रमार्गे बाहेरून काय काय आले, याची उजळणी आपण लहानपणापासून करत आलो आहोत. काजू, मिरची, अननस, पपई आणि पाव ही त्यातली ठळक नावे आहेत. माझा प्रश्न असा आहे की आपल्या माळ्यावर आणि पसऱ्यावरच्या तांदळाच्या पोत्यांमागे फिरणारा लहान घरउंदीर या यादीत बसतो का?

मी फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवतो आणि आनुवंशिकतेचा पाठ आला की हा विषय वर्गात हमखास निघतो. येथे चर्चा केवळ मस मस्क्युलस या जातीची व्हावी, अशी विनंती आहे. काळा उंदीर आणि घूस हे वेगळे प्राणी आहेत. घरउंदीर प्रौढ झाला तरी साधारण १२ ते २५ ग्रॅमच भरतो. काळ्या उंदराचे पिल्लू त्याच्याइतके दिसू शकते, पण त्याचे डोके आणि मागचे पाय शरीराच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे फरक ओळखता येतो.

या जातीच्या तीन मुख्य उपजाती मानल्या जातात. डोमेस्टिकस पश्चिम युरोप आणि भूमध्य समुद्राच्या भोवती, मस्क्युलस पूर्व युरोप आणि उत्तर आशियात, तर कॅस्टेनियस दक्षिण व आग्नेय आशियात आढळते. त्यांच्या वाटा काही लाख वर्षांपूर्वी फुटल्या आणि त्यांचे उगमस्थान इराणचे पठार ते भारतीय उपखंडाचा वायव्य भाग या पट्ट्यात असावे, असे जनुकीय पुराव्यावरून दिसते. भारतातील कॅस्टेनियसमध्ये जनुकीय विविधता इतर दोन उपजातींपेक्षा पुष्कळ अधिक आहे आणि जिथे विविधता सर्वाधिक तिथे वस्ती जुनी, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून आपला घरउंदीर कोणत्याही गलबताच्या आधीपासून या भूमीत आहे, असे माझे मत आहे. मात्र मताला पुरावा हवा. तो कसा मिळवावा आणि त्यातून काय साधेल, यावर जाणकारांनी लिहावे.

दर्यावर्दी

अंत्रुज सर, प्रश्न उत्तम आहे, परंतु आपल्या मताशी मी सहमत नाही. माझे आयुष्य मालवाहू जहाजांवर गेले आहे आणि जहाजावर उंदीर किती सहज राहतो हे मी पाहिले आहे. लिस्बनहून निघालेले पोर्तुगीज गलबत गोव्याला पोहोचायला साधारण सहा महिने घेत असे. घरउंदराच्या मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो आणि पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणजे एका सफरीत धान्याच्या कोठारात दोन पिढ्या जन्माला येतात आणि जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरतात ती लिस्बनच्या उंदरांची नातवंडे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर ही ये-जा शतकानुशतके चालू होती. इतक्या काळात युरोपीय उंदीर येथे स्थिरावले नसतील, हे मानणे मला कठीण जाते.

न्यूझीलंडमध्ये मुळात घरउंदीर नव्हताच. आज तेथील उंदरांच्या मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकातील) डीएनएमध्ये तिन्ही उपजातींच्या खुणा सापडतात. त्या जहाजांशिवाय तेथे कशा पोहोचल्या असतील?

निशिगंध

मी काही वर्षे एका संशोधन संस्थेत उंदरांच्या आनुवंशिकतेवर काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दर्यावर्दी यांचे न्यूझीलंडचे उदाहरण खरे आहे, पण ते गोव्याला जसेच्या तसे लागू होत नाही. न्यूझीलंडचे बेट रिकामे होते. जिथे घरउंदरांची वस्ती आधीच भरलेली असते, तिथे नव्याने उतरलेल्या मोजक्या उंदरांना बीळही मिळत नाही आणि जोडीदारही. नर आपापल्या क्षेत्राचे रक्षण करतात आणि मूत्रातील विशिष्ट प्रथिनांच्या गंधावरून परका नर लगेच ओळखतात. आइसलँडमध्ये दहाव्या शतकाच्या सुमारास व्हायकिंग लोकांबरोबर आलेला मायटोकॉन्ड्रियाचा वंश आजही तेथे टिकून आहे, यानंतर शेकडो वर्षे जहाजे येत राहिली तरी. आधी पोहोचलेल्याचे पारडे जड राहते, असा अनुभव अनेक ठिकाणी आला आहे.

आता पुराव्याविषयी. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए सुमारे १६,३०० अक्षरांचा असतो आणि तो केवळ आईकडून येतो. वाय गुणसूत्र केवळ बापाकडून येते. उरलेली १९ जोड्यांतील गुणसूत्रे दोघांकडून येतात आणि प्रत्येक पिढीत त्यांची अदलाबदल होते. केवळ मायटोकॉन्ड्रिया पाहून निष्कर्ष काढला तर फसगत होऊ शकते, कारण एका परदेशी मादीचा वंश टिकला आणि बाकी सारे जनुक स्थानिक झाले, असेही घडते. प्रयोगशाळेतील सर्वांत प्रसिद्ध उंदीर, सी५७ब्लॅक/६, याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे मायटोकॉन्ड्रिया डोमेस्टिकसचे, वाय गुणसूत्र मस्क्युलसचे आणि बाकीचा जनुकसंच बहुतांशी डोमेस्टिकसचा, अधूनमधून पौर्वात्य तुकडे असलेला आहे. चतुर्थीच्या माटोळीला जशी निरनिराळ्या रानांतली फळे एकाच चौकटीला बांधलेली असतात, तसा हा जनुकसंच आहे. यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जपान, चीन आणि युरोपातले हौशी लोक रंगीत उंदीर पाळत आणि त्यांची देवाणघेवाण करत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅबी लेथ्रॉप नावाच्या बाईंनी असे उंदीर वाढवून विकले, आणि त्यांच्या साठ्यातून क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये हा वाण सुरू केला. २००२ मध्ये उंदराच्या जनुकसंचाचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, तो याच वाणाचा.

म्हणून आई, बाप आणि बाकीची गुणसूत्रे असे तिन्ही पुरावे एकत्र पाहिल्याशिवाय गोव्याच्या उंदराचे मूळ ठरवू नये.

कुळागर

आमच्याकडे रात्री भिंतीच्या कडेने चूं-चूं करत जाते ते याच जातीचे का? त्याला फार उग्र वास येतो.

अंत्रुज

नाही, ती चिचुंद्री. ती कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, गटातली नाही. तिचे दात टोकदार असतात आणि ती झुरळे व इतर किडे खाते, म्हणून तिला घरातून मारून टाकू नये.

खाजन

सर्वांचा आदर राखून सांगतो, उंदीर कोणत्या देशातून आला यापेक्षा तो कसा जाईल, हे शेतकऱ्याला अधिक हवे आहे. आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, भात पोटरीला आले की बांधांत बिळे पडतात. बीळ मोठे झाले तर बांध फुटतो, खारे पाणी आत शिरते आणि एका पिकाचे नव्हे, पुढच्या हंगामाचेही नुकसान होते. घरात कणगीतले भात खाणारा वेगळा आणि शेतातला वेगळा, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. या संशोधनातून आमच्या हाती काही लागणार असेल तर ते कृपया सांगावे.

निशिगंध

खाजन, आपला प्रश्न रास्त आहे. बांधाला मोठे भगदाड पाडते ती बहुधा घूस. शेतात राहणारा पांढऱ्या पोटाचा अगदी लहान उंदीर म्हणजे मस बूडुगा, आणि घरातला मस मस्क्युलस. दिसायला जवळचे असले तरी त्या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यांच्या सवयी आणि बिळांच्या जागा निराळ्या असल्यामुळे उपायही निराळे लागतात, आणि जाती अचूक ओळखण्यासाठी डीएनएचा आधार उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट विषाची. बाजारातील बहुतेक उंदीरनाशके रक्त गोठू देत नाहीत. ती व्हीकेओआरसी-१ या जनुकाने बनवलेल्या विकरावर काम करतात आणि हे जनुक २००४ मध्ये ओळखले गेले. या जनुकात विशिष्ट बदल झालेला उंदीर वॉरफरिनसारखे विष खाऊनही जगतो. स्पेन आणि जर्मनीतील काही घरउंदरांना हा बदल दुसऱ्याच जातीकडून मिळाला आहे, हे २०११ मध्ये दाखवले गेले. ती जात म्हणजे मस स्प्रेटस, आणि घरउंदरापासून ती दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली होती. दोघांच्या संकरातून जन्मलेले नर वांझ असतात, पण माद्या नसतात, आणि त्या माद्यांमार्फत हे जनुक घरउंदरांत शिरले. मग विषाचा मारा सुरू झाल्यावर ज्यांच्याकडे ते जनुक होते तेच वाचले आणि वाढले. एखाद्या गावात विषाचा परिणाम होईनासा झाला, तर मात्रा वाढवत नेण्याआधी तेथील उंदरांचे हे एक जनुक तपासणे शहाणपणाचे ठरते. मात्रा वाढवल्याने विष खाल्लेले उंदीर टिपणारी घुबडे मरतात, आणि ती गेली की उंदीर अधिकच वाढतात.

मांडवीकाठ

दर्यावर्दी, समुद्रावरची ये-जा १५१० मध्ये सुरू झाली असे आपण गृहीत धरू नये, असे मला वाटते. कदंबांच्या काळात जुवारीच्या काठी गोपकपट्टण हे भरभराटीचे बंदर होते आणि तेथून अरबस्तान व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी व्यापार चालत असे. गलबतांतून उंदीर आले असतील तर ते तेव्हाही आले असतील, आणि तितक्याच सहजपणे येथून बाहेरही गेले असतील.

हिंदी महासागरातले एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. मादागास्करच्या घरउंदरांचा मायटोकॉन्ड्रियाचा वंश २००२ मध्ये तपासला गेला, तेव्हा तो अरबी द्वीपकल्पातील, येमेनकडच्या उंदरांशी जुळला. फ्रेंच वसाहतीची किंवा पोर्तुगीजांची खूण तेथे अपेक्षित असताना अरब खलाशांची खूण सापडली. ज्या प्रवासांच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत, त्यांच्या नोंदी उंदरांच्या पेशींत राहिल्या आहेत. गोव्याच्या इतिहासातील पोर्तुगीजपूर्व काळाची कागदपत्रे किती तुटपुंजी आहेत हे आपण जाणतो, आणि म्हणूनच या पुराव्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांनीही लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

अंत्रुज

मांडवीकाठ यांच्या मुद्द्याला धरूनच मदेरा बेटाचे उदाहरण सांगतो, कारण ते पोर्तुगीजांशी थेट निगडित आहे.

घरउंदराच्या पेशीत सामान्यतः ४० गुणसूत्रे असतात आणि ती सर्व एका टोकाला आवळलेली असतात. अशी दोन गुणसूत्रे टोकाशी जुळून एक होऊ शकतात. जनुके फारशी हरवत नाहीत, मात्र गुणसूत्रांची संख्या कमी होते. स्वित्झर्लंडमधील एका दरीत १९६९ मध्ये केवळ २६ गुणसूत्रांचे उंदीर सापडले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. मदेरा हे अटलांटिकमधले डोंगराळ बेट आहे आणि १४२० च्या सुमारास पोर्तुगीज तेथे वस्तीला गेले. तेथील उंदरांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकाच बेटावर २२ ते ३० गुणसूत्रांचे सहा निरनिराळे गट आढळले. खोल दऱ्या आणि उंच कडे यांनी विभागलेल्या लहान लहान वस्त्यांत, काही शतकांतच, गुणसूत्रांचे असे वेगवेगळे जोड स्थिर झाले होते.

आणखी एक धागा येथे जुळतो. मदेराच्या उंदरांचे मायटोकॉन्ड्रिया उत्तर युरोपातील उंदरांशी जवळचे निघाले आणि बेटावर सापडलेल्या उंदराच्या हाडांचे कालमापन पोर्तुगीज वस्तीच्या कित्येक शतके आधीचे आले. पोर्तुगीजांच्या आधी कोणीतरी तेथे उतरले होते, ही शक्यता उंदरांमुळे पुढे आली. सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील डोंगरकपारीतल्या वाड्यांत गुणसूत्रांची संख्या काय असेल, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे.

रोहिणी_म्हापसा

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. निशिगंध ताई, समजा मुरगावच्या बंदरात डोमेस्टिकस आणि कॅस्टेनियस खरोखरच एकत्र आले, तर त्यांची संतती टिकेल का? युरोपात डेन्मार्कपासून काळ्या समुद्रापर्यंत डोमेस्टिकस आणि मस्क्युलस यांच्यामध्ये संकराचा जो अरुंद पट्टा आहे, तेथील अनेक संकरित नर वांझ असतात, असे आम्हाला शिकवले आहे.

निशिगंध

रोहिणी, त्या वांझपणामागचे पृष्ठवंशीयांतील पहिले जनुक याच उंदरात सापडले, प्राग येथील प्रयोगशाळेत, २००९ मध्ये. त्याचे नाव पीआरडीएम-९. शुक्राणू तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रे एकमेकांजवळ येऊन ठरावीक जागी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. कोठे तुटायचे हे पीआरडीएम-९ ठरवते. दोन उपजातींच्या डीएनएमध्ये या जागा इतक्या वेगळ्या झालेल्या असतात की संकरित नरात जुळणी फसते आणि शुक्राणू पूर्ण तयारच होत नाहीत.

डोमेस्टिकस आणि कॅस्टेनियस यांच्यात मात्र अडथळा अर्धवट आहे. काही नरांची प्रजननक्षमता घटते, पण देवाणघेवाण थांबत नाही. कॅलिफोर्नियातील कसितास तलावाजवळच्या उंदरांत आशियाई कॅस्टेनियसकडून आलेले एक जनुक आढळले आहे. ते उंदरांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या विषाणूंपासून वाचवते. म्हणजे मूठभर स्थलांतरित हरवून गेले तरी त्यांचे एखादे उपयोगी जनुक स्थानिक लोकसंख्येत पसरू शकते. मुरगावमध्ये पूर्ण युरोपीय उंदीर सापडण्यापेक्षा स्थानिक उंदरात एखादा युरोपीय तुकडा सापडण्याची शक्यता मला अधिक वाटते. दर्यावर्दी, आपले म्हणणे कदाचित या रूपात खरे ठरेल.

दर्यावर्दी

हे पटण्यासारखे आहे. तरीही बंदराची तपासणी गावाच्या आधी व्हावी, असा माझा आग्रह राहील.

सांतेर

एक वेगळा मुद्दा मांडतो. उंदरांची संख्या जनुकीय मार्गाने कमी करण्याचे प्रयोग चालू आहेत, हे आपण वाचले असेल. उंदराच्या १७ व्या गुणसूत्रावर टी-हॅप्लोटाइप नावाचा एक मोठा तुकडा निसर्गतःच आढळतो. मेंडेलच्या नियमाने तो निम्म्या पिल्लांत जायला हवा, परंतु नराकडून तो ९० टक्क्यांहून अधिक पिल्लांत जातो, कारण तो ज्या शुक्राणूत नसतो त्या शुक्राणूची पोहण्याची क्षमता तो बिघडवतो. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये या तुकड्याला मादीचे प्रजननाचे एक जनुक निकामी करणारी यंत्रणा जोडून दाखवली. ती पिढ्यान्‌पिढ्या पसरली तर माद्या वांझ होत जातील, असा विचार आहे.

बाहेरून आलेल्या उंदरांनी जिथे पक्ष्यांचा संहार मांडला आहे, अशा बेटासाठी हे मला योग्य वाटते. दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावर खलाशांबरोबर पोहोचलेले उंदीर आकाराने दुपटीच्या जवळ गेले आहेत आणि अल्बट्रॉस पक्ष्यांची जिवंत पिल्ले कुरतडून मारतात. पण भारत ही तर या प्राण्याची मायभूमी आहे. येथे असे जनुक सुटले तर ते कोठे थांबेल? चतुर्थीला आपण ज्याला गणपतीच्या पायाशी बसवतो, त्याचा मूळ वंशच जगातून पुसला जाऊ नये, असे मला वाटते आणि ही केवळ श्रद्धेची बाब नाही.

खाजन

सांतेर, बांध राखणाऱ्यालाही वंश पुसायचा नाही. आम्हाला फक्त पीक आणि बांध वाचवायचा आहे.

जुवारी

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक समजतो.

पहिली सावधगिरीची. उत्साहाच्या भरात विद्यार्थ्यांनी जिवंत उंदीर हाताने पकडू नयेत. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार पसरतो आणि पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना त्याचा धोका असतो. मेलेला उंदीरही हातमोजे घातल्याशिवाय उचलू नये, आणि महाविद्यालयात प्राण्यांवर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते.

दुसरी गोष्ट अशी की घरातला उंदीर वैद्यकशास्त्राला प्रयोगशाळेतल्या उंदराइतकाच, काही बाबतींत त्याहूनही अधिक, शिकवू शकतो. निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराची रोगप्रतिकारशक्ती नवजात बाळासारखी असते आणि बाहेरच्या जगातील जंतू भेटलेल्या उंदराची प्रौढ माणसासारखी, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. लंडनमध्ये २००६ साली एका नव्या औषधाच्या चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवक गंभीर आजारी पडले होते. प्रयोगशाळेतील उंदरांत त्या प्रकारच्या औषधाचा धोका दिसला नव्हता. पुढे २०१९ मध्ये, रानटी मातांच्या पोटी जन्मलेल्या आणि त्यांचे जंतू लाभलेल्या उंदरांत त्याच प्रकारचे औषध तपासले, तेव्हा धोका स्पष्ट दिसला. जगभरची औषधे मोजक्या, एकसारख्या वाणांवर तपासली जातात आणि जनुकीय विविधतेचा मोठा साठा आपल्या माळ्यांवर आहे, याची जाणीव आपल्या विद्यापीठांनी ठेवायला हवी.

अंत्रुज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण आता तो तपासता येईल अशा रूपात मांडता येतो. उंदीर मूळचा इथलाच असेल, तर मुरगाव, पणजी, फोंडा आणि सत्तरी येथील नमुन्यांत कॅस्टेनियसच्या मायटोकॉन्ड्रियाचे अनेक भिन्न वंश सापडतील आणि ते भारताच्या इतर भागांतील वंशांशी मिसळलेले असतील. तो गलबतांतून आला असेल, तर वंश मोजके असतील, बंदरात अधिक आणि डोंगराकडे विरळ. अरब व्यापाराची खूण असेल तर मादागास्करसारखा येमेनकडचा वंश दिसेल.

नमुन्यांसाठी जिवंत उंदीर पकडण्याची गरज नाही. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळ्या करून ओकते. त्या गोळ्यांतील कवट्यांवरून जात ओळखता येते. घरउंदराच्या वरच्या पटाशीच्या दाताला आतल्या बाजूने खाच असते आणि वरची पहिली दाढ तिच्यामागच्या दोन दाढांच्या एकत्रित लांबीहून मोठी असते. हाडांतून डीएनएही मिळू शकतो. घुबड ज्या परिसरात शिकार करते तेथील उंदरांचा नमुना त्यामुळे आपोआप जमा होतो. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर किंवा पडक्या इमारतींत अशी जागा कोणाला ठाऊक आहे का?

खाजन

आमच्या मानशीजवळच्या (बांधातील पाण्याच्या दाराजवळच्या) पडीक खोपीत गव्हाणी घुबडाची जोडी राहते. खाली गोळ्यांचा थर असतो. पावसाच्या पाण्याने त्या विरघळतात, म्हणून दिवाळीनंतर, वाट सुकल्यावर मुलांना घेऊन या. हातमोजे आणि कागदी पिशव्या बरोबर आणा. कोणत्या खाजनातल्या कोणत्या बांधाजवळ घूस आहे आणि कोठे लहान उंदीर, ते मी नकाशावर खुणा करून देईन. तुमच्या कवट्यांच्या मोजणीशी ते ताडून पाहता येईल, आणि त्या हिशेबाची एक प्रत आमच्या शेतकरी मंडळाला द्या.